फुलकोबीचे हरवलेले नाव

११ ऑगस्ट २०२४ रोजी दिल्लीच्या पुसा परिसरात पंतप्रधानांच्या हस्ते ६१ पिकांचे १०९ नवे वाण प्रसारित झाले. बातम्यांनी आकडा छापला, विज्ञानप्रेमींनी तो अभिमानाने पुढे पाठवला. हे वाण बाजारात आल्यावर ग्राहकाने ओळखायचे कसे, हा प्रश्न मात्र फारसा चर्चेत आला नाही.

त्याच पुसा संस्थेची केशरी फुलकोबी पाहा. ‘पुसा बीटा केसरी-१’ हा वाण २०१५-१६ मध्ये दिल्ली राजधानी क्षेत्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या एका किलोत ८ ते १० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. शरीर त्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते. पांढऱ्या फुलकोबीत ते जवळजवळ नसते. हा रेणू निळा प्रकाश शोषतो, म्हणून गड्डा केशरी दिसतो. यामागचे ‘ओआर’ जनुक १९७० च्या सुमारास कॅनडातील एका शेतात निसर्गतःच उद्भवलेले आहे आणि ते संकरातून या वाणात आणले गेले.

तरीही नोएडा-गाझियाबादच्या आठवडी बाजारात असा गड्डा दिसला, की पहिली शंका येते ती रंग लावल्याची, दुसरी जनुकीय फेरफाराची. दोन्ही चुकीच्या; पण दोष ग्राहकाचा नाही. भेसळ हे या देशातील वास्तव आहे आणि माहिती नसेल तेथे संशय हेच शहाणपण ठरते. मग ‘पाण्यात रंग सुटतो का ते पाहा’ असले उपाय फिरू लागतात. काळ्या गाजरातील अँथोसायनिन पाण्यात विरघळतेच. उत्तर भारतातील कांजीचा जांभळा रंग त्याचाच. म्हणजे या परीक्षेत अस्सल गाजर नापास होईल आणि केवळ तेलात विरघळणारा कृत्रिम रंग उत्तीर्ण!

‘आपल्या लोकांना नवे चालत नाही’ ही सबबही टिकत नाही. पांढरी फुलकोबी स्वतःच १८२२ मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आली. बटाटा आणि टोमॅटो अमेरिका खंडातले. लोक नवे स्वीकारतात. मात्र त्याला नाव लागते, ओळख लागते. आंबा कधी नुसता ‘आंबा’ म्हणून विकला जातो काय? तो हापूस असतो, दशहरी असतो, लंगडा असतो. फुलकोबी मात्र केवळ ‘गोभी’.

बियाण्याच्या पाकिटावर वाणाचे नाव असते. मंडीत पोहोचेपर्यंत ते गळून पडते. नाव नाही म्हणून वेगळा भाव नाही. वेगळा भाव नाही म्हणून शेतकऱ्याला तेच बी पुन्हा पेरण्याचे कारण नाही. केशरी रंग निदान डोळ्यांना दिसतो. वाढवलेले लोह आणि जस्त तर दिसतही नाही. तेथे नाव हाच एकमेव पुरावा असतो.

सार्वजनिक पैशावर वर्षानुवर्षे केलेले संशोधन एका पाटीअभावी वाया जाणे, हे विज्ञानाचे अपयश नसून व्यवस्थेचा आळस आहे. पाकिटावरचे नाव मंडीच्या पावतीवर आणि तेथून विक्रेत्याच्या पाटीवर आलेच पाहिजे. पुढील वेळी नव्या वाणांचा आकडा जाहीर होईल, तेव्हा विद्यार्थ्यांनी टाळ्यांआधी एक प्रश्न विचारावा: मागच्यांपैकी किती वाण आपल्या नावानिशी बाजारात पोहोचले?