वस्ती नको, तळ चालेल

मंगळावर माणसांची वस्ती हवी असं म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा विम्याचा आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. तसं पुन्हा घडलं, किंवा आपणच अणुयुद्ध ओढवून घेतलं, तर अख्खी मानवजात एकाच ग्रहावर असणं महागात पडेल. स्टीफन हॉकिंग हे बजावत राहिले. इलॉन मस्क यांनी २००२ मध्ये स्पेसएक्स काढली तीही मंगळ डोळ्यांपुढे ठेवून. मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर अशाच एका आघाताने पडलेल्या विवरात साठलं आहे, आणि तो आघात तुलनेने किरकोळ होता.

प्रश्न एवढाच, की हा विमा ऐनवेळी उपयोगी पडेल का?

मंगळाकडे यान धाडण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते आणि प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात. औषधं, यंत्रांचे सुटे भाग, संगणकाच्या चिप, सगळं इथूनच जाणार. पृथ्वीवर अनर्थ झाला की ही रसद तुटली. म्हणजे वस्ती पृथ्वीवाचून जगू शकत असेल तरच तो विमा. नाहीतर पृथ्वीपाठोपाठ तीही जाईल.

ती तशी जगू शकेल का? मंगळावरचा हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार आहेत, हे फिनिक्स यानाने २००८ मध्येच दाखवलं. पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने तिथल्या हवेतून प्राणवायू काढून दाखवला, हे खरं यश. पण यंत्र प्रयोगापुरतं, लहानसं होतं. १६ वेळा चालवून मिळालेला एकूण प्राणवायू १२२ ग्रॅम, एका माणसाला चार तासही न पुरणारा.

याहून बोलका प्रयोग पृथ्वीवरच झाला आहे. १९९१ मध्ये अॅरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या बंदिस्त वास्तूत आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. शेती होती, झाडं होती, पाणी होतं. तरी मातीतल्या जिवाणूंनी इतका प्राणवायू खाल्ला, की त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलं आणि शेवटी तो बाहेरून सोडावा लागला. तिथे निदान बाहेर हवा होती.

माणूस मंगळावर गेल्यास विज्ञानाचा फायदा होईल, हा दुसरा मुद्दा मला पटतो. ऑपॉर्च्युनिटी गाडीला मॅरेथॉनएवढं अंतर कापायला ११ वर्षं लागली; कसलेला भूवैज्ञानिक तेवढं काम काही आठवड्यांत उरकेल. मात्र माणसासोबत त्याचे अब्जावधी जिवाणूही जातील. पुढे तिथे जीवसृष्टी सापडली, तर ती मंगळाची की आपणच नेलेली, हे ठरवणं अवघड होईल. म्हणून मोजकी माणसं, मोजक्या जागी.

आणि वस्ती म्हटलं की मुलं आली. मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. त्यात गर्भ कसा वाढेल, हाडं कशी घडतील, याचा अनुभव मानवजातीकडे नाही. जाणारा प्रौढ जोखीम पत्करून जातो. तिथे जन्मणाऱ्या मुलाला कुणी विचारलेलं नसतं. कदाचित पृथ्वीवर उभं राहण्याची ताकदही त्याच्या पायांत नसेल. या प्रश्नाला उत्तर नसताना वस्तीची तारीख जाहीर करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

लघुग्रहाचीच भीती असेल, तर त्यावर जवळचा उपाय आहे. २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान एका लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फसवर मुद्दाम आदळवलं गेलं आणि त्याचा प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. हे तंत्र पक्कं केलं, तर संरक्षण पृथ्वीवरच्या सगळ्यांना मिळेल, मूठभरांना नव्हे.

तेव्हा मंगळावर जाऊ, पण अंटार्क्टिकावर जातो तसं. आपल्या मैत्री आणि भारती तळांवर माणसं जातात, काम करतात, परत येतात. तिथे कुणी संसार थाटत नाही. वस्तीचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी पृथ्वीवरच एका बंद वास्तूत, बाहेरून काहीही न घेता, माणसं पाच वर्षं धडधाकट जगवून दाखवावीत. तोवर वस्तीसाठी सार्वजनिक पैसा मागण्याचा त्यांना अधिकार नाही.