पदवीची घाई आणि वाचनाचा वेळ

'घरबसल्या पदवी', 'एका वर्षात बी. ए.', 'अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करा' अशा पाट्या एस. टी. स्थानकांच्या भिंतींवर आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. आता त्या मोबाइलच्या पडद्यावर आल्या आहेत, एवढाच फरक. साहित्याच्या अध्यापकांमध्ये हा विषय निघाला की सहसा दोनच सूर ऐकू येतात, एक तुच्छतेचा आणि दुसरा हताशेचा. आम्हांला दोन्ही अपुरे वाटतात.

आधी तुच्छतेविषयी. वर्गात न बसता मिळवलेली पदवी दुय्यम, असे मानणाऱ्यांनी आपल्याच विद्यापीठांचा इतिहास आठवून पाहावा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे होते. खुद्द लंडन विद्यापीठाने १८५८ पासून महाविद्यालयाची पायरी न चढलेल्यांनाही परीक्षेची दारे उघडली. आपल्याकडे अशा विद्यार्थ्याला 'बहिःस्थ' म्हणत. शब्दातच त्याची जागा ठरलेली, उंबऱ्याबाहेरची. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन उभे राहिले, तेव्हा हा उंबराच ओलांडला गेला. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया, पाळीत काम करणारे कामगार, तालुक्याच्या गावी महाविद्यालय नसलेले तरुण यांना पदवीचा दुसरा मार्ग नव्हताच. ऑनलाइन पदवी ही याच परंपरेतली पुढची पायरी आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्टही केले आहे.

मात्र या वाक्यातला सगळा भार 'मान्यताप्राप्त' या शब्दावर आहे. आमच्या परिचयातल्या एका विद्यार्थिनीने एका मध्यस्थामार्फत परप्रांतातल्या एका संस्थेत मराठीच्या एम. ए.ला प्रवेश घेतला. शुल्क भरले, परीक्षा दिल्या, गुणपत्रिकाही आली. पुढे अध्यापकपदासाठी अर्ज करताना उघड झाले की तिने प्रवेश घेतला त्या वर्षी त्या संस्थेला तो अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवण्याची परवानगीच नव्हती. संस्था खरी होती, विद्यापीठही खरे होते. खोटी ठरली ती तिची दोन वर्षे. हे आम्हांला विसरता येत नाही, कारण प्रवेशापूर्वी तिने आमचा सल्ला विचारला होता आणि 'विद्यापीठ नावाजलेले आहे ना, मग झाले' असे आम्हीच म्हणालो होतो.

म्हणून काही गोष्टी आता आम्ही आग्रहाने सांगतो. विद्यापीठाला मान्यता असणे वेगळे, 'नॅक'चे मूल्यांकन असणे वेगळे आणि विशिष्ट अभ्यासक्रम विशिष्ट सत्रात ऑनलाइन चालवण्याची मुभा असणे आणखी वेगळे. २०२०च्या विनियमांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी 'नॅक'च्या ३.२६ गुणांकाची किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत वारंवार येण्याची अट घातली, ती याच हेतूने. प्रवेश घेण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्थेचे, अभ्यासक्रमाचे आणि सत्राचे अशी तिन्ही नावे स्वतः पाहावीत. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये. अभ्यासकेंद्रे भाड्याने चालवायला देण्यास नियमांनी मनाईच आहे. आणि कोणी ऑनलाइन पीएच. डी. देऊ केली, तर तिथून सरळ उठावे, कारण पीएच. डी. या मार्गाने देताच येत नाही.

आता घाईविषयी. लवकर पदवी हवी असणे हा दोष नव्हे. घर चालवणाऱ्याला सहा महिनेही महाग असतात. त्यासाठी सरळ वाटाही आहेत. २०२१ पासून श्रेयांक पेढीत आधी मिळवलेले श्रेयांक जमा राहू शकतात, त्यामुळे शिक्षण मध्येच सुटले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागतेच असे नाही. 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम, आपली संस्था ते स्वीकारत असेल तर, पदवीत धरले जातात. २०२४ साली आयोगाने वेगवान पदवीची कल्पनाही मान्य केली. तीत निवडक विद्यार्थ्यांना तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पुरी करता येते.

पण या सवलतीत एक गोष्ट बदलत नाही. श्रेयांक तेवढेच राहतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक आणि एका श्रेयांकाला अध्ययनाचे ३० तास धरले, तर ३,६०० तास होतात. सहा सत्रांत ते वाटले तर प्रत्येक सत्राला ६००, पाच सत्रांत ७२०. सव्वीस आठवड्यांच्या सत्रात हे आठवड्याला तेवीस तासांवरून जवळजवळ अठ्ठावीस तासांवर जाते. म्हणजे वेगवान पदवीत तास वाचत नाहीत, ते फक्त दाटीने बसतात. जी संस्था तासच कमी करून देते, ती वेग देत नसून शिक्षणच कापून देत असते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा हिशेब अधिक लागू पडतो. कादंबरी दुप्पट वेगाने वाचून संपवता येईल, पण ती मनात मुरायला लागणारा वेळ कोणत्याही सत्ररचनेत बसवता येत नाही. तेव्हा नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला आम्ही विचारतो, 'आठवड्याचे अठ्ठावीस तास तुझ्याजवळ खरोखर आहेत का?' असतील तर त्याने जरूर घाई करावी. नसतील तर सहा सत्रे हीच त्याची जलद वाट, कारण अनुत्तीर्ण होऊन पुन्हा बसण्यात जाणारा वेळ कोणी जाहिरातीत छापत नाही.

आणि हताश झालेल्या अध्यापकांना एवढेच सांगावेसे वाटते की विद्यार्थी पडद्यापलीकडे गेला म्हणून आपले काम संपत नाही. तो प्रवेशापूर्वी सल्ला विचारायला येईल, तेव्हा यादी उघडून त्याच्याबरोबर बसावे. ती दहा मिनिटे आम्ही एकदा दिली नाहीत. त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजली.