डबा, फराळ आणि कृती

आईची पंचाहत्तरी आली आहे. थोरला पुण्यात, धाकटी न्यू जर्सीत. दोघांनी ठरवले, की आईच्या आयुष्यावर अर्ध्या तासाची फिल्म करायची. निम्मी त्याने जोडायची, निम्मी तिने. अशी घरे आता आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. थोरल्याकडे मॅक आणि त्यावर फायनल कट प्रो. धाकटीकडे विंडोज आणि त्यावर प्रीमियर प्रो. तो आपले काम पाठवतो आणि लगेच फोन खणखणतो.

“दादा, अरे, उघडतच नाही!”

“अगं, माझ्याकडे तर छान चालतंय!”

समारंभ आठ दिवसांवर आला, की या संवादाला भांडणाचा रंग चढायला कितीसा वेळ लागणार?

वास्तविक चूक दोघांचीही नसते. तीन निराळ्या वस्तूंना आपण सरसकट ‘फाईल’ म्हणतो, तेथे घोटाळा होतो. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा फराळाच्या भाषेत सांगतो.

पहिली वस्तू डबा. फाईलच्या नावाला एमओव्ही किंवा एमपी४ असे शेपूट असते, ते डब्याचे नाव. दुसरी वस्तू आतला फराळ. म्हणजे चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे ते. या पद्धतीला कोडेक म्हणतात. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असेल किंवा त्याहून नवे एचईव्हीसी. डबा ओळखीचा निघाला म्हणून आतला पदार्थ पचेलच असे नाही. आणि तिसरी वस्तू कृती. कोणता तुकडा कोठून कोठवर घ्यायचा आणि कशापुढे काय लावायचे, याची टिपणे म्हणजे संकलकाचे प्रोजेक्ट. थोरल्याने पाठवली ती कृती. आणि तीही आपल्या सॉफ्टवेअरच्या खास लिपीत!

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून काढलेल्या सीएमएक्स कंपनीने १९७१ साली संगणकावर चालणारे संकलनयंत्र आणले. पुढे तिच्या यंत्रांमुळे ईडीएल नावाची साधी यादी रूढ झाली : रिळाचे नाव, तुकड्याची सुरुवात, तुकड्याचा शेवट. सीएमएक्स ३६०० च्या नमुन्यातली ही यादी आजही चालते. तिच्या जोडीला आता एक्सएमएल आणि एएएफ आले. मात्र एक्सएमएलच्याही बोली आहेत. प्रीमियरला कळते ती जुन्या फायनल कट ७ ची. नव्या फायनल कटची बोली वेगळी. मध्ये दाविंची रिझॉल्व्हला दुभाषी म्हणून बसवले, तर काम होते. तरीही पलीकडे नीट पोहोचतात ते मुख्यतः काप आणि त्यांचा क्रम. अक्षरे, रंगांची करामत आणि चमत्कृती पुष्कळदा वाटेतच गळतात.

म्हणून घरच्या मंडळींना सोपा मार्ग सांगतो. आधी वेग ठरवा. आपल्याकडच्या व्हिडिओवाल्याचा कॅमेरा बहुधा सेकंदाला २५ चित्रे घेतो, मोबाईल बहुधा ३०. फिल्म कोणत्या वेगाची, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. मूळ चित्रण दोघांकडे एकाच नावाने ठेवा. नावे बदलली, की कृतीला सामान सापडत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवाल, तर चित्र आणखी दाबले जाते. तेथेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. डिस्क हातोहात द्यायची असेल, तर ती एक्सफॅट पद्धतीची करून घ्यावी. मॅक आणि विंडोज दोघेही तिच्यावर वाचतात आणि लिहितात.

आणि शेवटी, कृती पाठवण्याचा हट्टच सोडावा. प्रत्येकाने आपला निम्मा भाग पुरा करून प्रोरेसमध्ये काढावा आणि दोन्ही भाग एकाने जोडावेत. एचडी चित्राला २५ च्या वेगाने प्रोरेस ४२२ मध्ये तासाला सुमारे ५५ जीबी जागा लागते. म्हणजे आपल्या अर्ध्या तासाला २७-२८. जागा जाते खरी, पण भांडण वाचते.

समारंभ झाला म्हणजे मात्र काम संपले असे समजू नका. २०११ साली फायनल कट प्रो एक्स आले, तेव्हा त्यात फायनल कट ७ ची प्रोजेक्टे उघडेनात. भल्याभल्या व्यावसायिकांची त्रेधा उडाली. तेव्हा केवळ प्रोजेक्टावर विसंबू नये. मूळ चित्रण आणि तयार फिल्मची एक साधी एमपी४ प्रत दोन वेगळ्या घरी, दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवावी, आणि चार-पाच वर्षांनी ती उघडते ना, हे पाहावे.

पुष्कळ घरांत आजोबा-पणजोबांचे मोडी कागद आहेत. अक्षर वळणदार, शाई अजून काळीभोर. पण वाचणारा कोणी नाही. आईच्या आवाजाचे तसे होऊ नये, एवढ्यासाठी ही सारी खटपट.