इंजिन दुप्पट, वेग मात्र तेवढाच



नावेला दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले की हतनूर धरणाच्या फुगवट्यातून चांगदेवला निम्म्या वेळात पोचता येईल, असे आपल्या एका वाचकाने गेल्या अंकात लिहिले आहे. हेतू चांगला, हिशेब चुकीचा.

पाणी कापत जाणारी नाव स्वतःच लाट उठवते आणि वेगाबरोबर ती लाट लांबत जाते. लाट नावेहून लांब झाली की नावेचा मागचा भाग खळग्यात बसतो, पुढचे टोक वर उठते आणि नाव आपणच उभा केलेला चढ चढत राहते. पुढची सगळी ताकद त्यातच जाते; डिझेलवाल्याचे तेवढे भले. विल्यम फ्रूड यांनी १८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून हे मोजून दाखवले.

नावेच्या वेगमर्यादेचा ढोबळ हिशेब असा: पाण्यातल्या लांबीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढा, साडेचारने गुणा. नऊ मीटरची नाव ताशी साडेतेरा किलोमीटर. वेग दुप्पट हवा तर नाव छत्तीस मीटरची लागेल! उन्हाळ्यात पाणी मीटरभर उरले की मर्यादा आणखी खाली येते.

स्पीडबोट पळते, कारण तिचा सपाट तळ पाण्यावर उचलला जातो. माणसांनी भरलेली जड नाव तशी उचलली जात नाही. पुराच्या ओढीत किंवा समोरून वारा असताना जादा ताकद कामाची, हे मान्य. पण मग मागणी तशी करावी, निम्म्या वेळाचे आश्वासन देऊ नये.

— एक वाचक, शाहपुर (जि. बुऱ्हाणपूर)