पलंगाचे पितळ

जुन्या लोखंडी-पितळी पलंगाला हल्ली ‘अँटिक’ म्हणतात. आम्ही कॉमर्सची माणसे. फर्निचरवर दरवर्षी घसारा लावत जायचे आणि शेवटी वहीत त्याची किंमत एक रुपयावर आणून ठेवायची, हे आमचे शास्त्र. अँटिकवाल्यांचे सगळे उलट. वस्तू जितकी कुरकुरेल तितका तिचा भाव चढतो. तेही एक वेळ सोसेन. पण ही मंडळी पलंगापुढे उभी राहून गॉथिक, रोकोको, एडवर्डियन असा जो मंत्रघोष करतात, त्यात या कार्याच्या मूळ यजमानाचे नावच नसते. तो यजमान म्हणजे ढेकूण.

हसू नका. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात लाकडी पलंगाच्या खाचा आणि जाडजूड पडदे ही ढेकणांची वडिलोपार्जित इस्टेट होती. लोखंडाच्या गजात त्यांना बिऱ्हाड करता येईना, म्हणून तर धातूचा पलंग घरोघर शिरला. बर्मिंगहॅम हे त्याचे माहेर. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे पलंग थाटात मिरवले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी शुश्रूषेवरच्या पुस्तकात रोग्यासाठी सांगितलेला पलंगही लोखंडीच. खालून हवा खेळणारा, झालर नसलेला आणि साडेतीन फुटांहून रुंद नसलेला. साडेतीन हातांच्या देहाला साडेतीन फूट! असा चोख ताळेबंद आमच्या बँकेतही एका दमात जुळत नाही.

आता शैलींचे बघू. गॉथिक म्हणजे चर्चच्या खिडकीसारख्या टोकदार कमानी. रोकोको म्हणजे जिलबीची वळणे. पुढे आर्ट नूव्होच्या वेली आल्या, आणि एडवर्डच्या काळात सरळ उभे गज, थेट कॅशियरच्या पिंजऱ्यासारखे. पण गजांच्या सांध्यावर जे बिडाचे फूल दिसते ना, ते नुसते नटण्यासाठी नव्हते. गजांची टोके साच्यात धरून वर वितळलेले बीड ओतत. ते निवले की सांधा पक्का, आणि साच्यातल्या नक्षीमुळे वर फूल! म्हणजे ते फूल नोकरी करत होते हो. बाजूच्या दांड्याही निमुळत्या खोबणीत ठोकून बसवायच्या. ना नट, ना बोल्ट. यावर अँटिकवाला एक अक्षर बोलत नाही.

पितळेचे तर विचारू नका. बहुतेक ‘पितळी’ पलंग म्हणजे लोखंडी नळीवर पितळेचा पातळ अंगरखा. एरवी माणसाचे पितळ उघडे पडते. इथे पितळच उघडे असते आणि पडायचे ते लोखंड! लोहचुंबक लावा, चटकन चिकटेल. आत लोखंड असणे हा गुन्हा नाही, उलट तोच त्याचा कणा. भाव मात्र भरीव पितळेचा लावतात, तो गुन्हा.

आणि नुसत्या थाटाचीच हौस असेल तर ती बहावलपूरच्या नवाबासारखी करावी. त्याने १८८२ मध्ये पॅरिसच्या क्रिस्तोफ्लकडून पलंग करवून घेतला. लाकडावर सुमारे २९० किलो चांदी, चार कोपऱ्यांत पंखा हलवणाऱ्या चार पुतळ्याबाया, आणि गुनोच्या ‘फाउस्ट’ ऑपेराचे सूर वाजवणारे यंत्र. झोपेच्या जागी वाजंत्री! शिवाय चांदीखाली लाकूड, म्हणजे ढेकणांनाही संस्थान मिळण्याची सोय.

आपण मात्र काय केले? आजोबांची लोखंडी कॉट किलोवर भंगारात घातली आणि प्लायवूडचा बॉक्स-बेड आणला. त्याच्या पोटात गाद्या, लग्नातल्या भेटी आणि तीन पिढ्यांची गाठोडी. खाली केरसुणी शिरत नाही, वारा शिरत नाही, शिरतो तो ढेकूण आणि त्याच्या मागोमाग पेस्ट कंट्रोलचे बिल. तीच कॉट मग रंग लावून, ‘व्हिक्टोरियन’ अशी चिठ्ठी अडकवून दुकानात उभी राहते, आणि आपणच तिची किंमत विचारून गार पडतो.

तेव्हा मंडळी, जुना पलंग घ्यायला जाल तर खिशात लोहचुंबक न्या. दुकानदार ‘गॉथिक’ म्हणाला, की मान डोलावू नका. खाली वाका आणि केरसुणी फिरते का तेवढे बघा.