जुना कॉम्प्युटर घेताना रंग नको, नंबर बघा

विषय पिकाचा नाही, पण आपल्या खिशाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा फोन पाण्यात पडला आणि दोन हंगामांच्या फवारणीच्या, मजुरीच्या नोंदी गेल्या. तेव्हापासून घरात एक कॉम्प्युटर पाहिजे असं मनात होतं. परवा मार्केट यार्डात कांदा उतरवला न् भाच्याला घेऊन तापकीर गल्लीत गेलो. कंपन्यांनी काढून टाकलेले, साफसूफ करून विकायला ठेवलेले दोन डेस्कटॉप बघितले. एक सात हजारांचा, दुसरा साडेतेराचा. दोन्ही चकचकीत, दोन्हीवर आय-५ लिहिलेलं. सातवाला मी जवळपास उचललाच होता.

भाचा म्हणाला, "मामा, आय-५ च्या पुढचा आकडा वाचा." एकावर ४५७०, दुसऱ्यावर ८५००. म्हणजे एक चौथ्या पिढीचा, दुसरा आठव्या. चौथी पिढी २०१३ ची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला कंपनीच्या नियमाप्रमाणे इंटेलची किमान आठवी पिढी लागते. दुकानदार जुन्यावरही ११ टाकून देतो म्हणतात, पण पुढे अपडेट मिळतील याची खात्री नाही. अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायचा म्हणजे गोठ्याला कडी न लावता झोपायचं.

माझं मत असं, की जुना घ्या, बिनधास्त घ्या, पण आधी काम ठरवा. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं काही लागत असेल तर आठवी पिढी किंवा पुढची. नुसता हिशोब, सातबारा बघणं, मराठी टायपिंग एवढंच असेल तर चौथीवालाही चालतो. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घ्या, फुकट आहे. मात्र दोन्हीत ८ जीबी रॅम आणि एसएसडी पाहिजेच. जुन्या हार्ड डिस्कवर मशीन रांगतं. यूपीएसचा खर्च आधीच धरा, डेस्कटॉपला बॅटरी नसते आणि आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीतच आहे. वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

जुना ट्रॅक्टर घेताना आपण रंग बघत नाही, तासाचा मीटर बघतो. इथं तो नंबर म्हणजेच मीटर.

मी साडेतेराचा घेतला. नोंदींची एक प्रत दर रविवारी पेनड्राईव्हवर काढतो. मशीन जुनं असो का नवं, एकाच जागी ठेवलेला हिशोब एक दिवस जातोच.