आधी बोटं शेकू द्या, मग गाणं मागा



मिरवणूक निघायच्या आधी डफडं वाजवणारा काय करतो, हे आपण वऱ्हाडात लहानपणापासून पाहत आलो. रस्त्याच्या कडेला कागद किंवा वाळलेलं गवत पेटवतो आणि त्यावर डफडं शेकतो. कातडं ताणलं की मगच खणखणीत आवाज निघतो. "काऊन वेळ घालवून राह्यला?" असं त्याला कोणी म्हणत नाही.

मग बेस गिटार शिकणाऱ्या मुलालाच आपण तसं का म्हणतो? एका पालकांनी मला विचारलं होतं, "सर, पोट्टं नुसतं टुंग टुंग करते. गानं कवा वाजवन थो?" प्रश्न रास्त आहे. वाद्य घेतलं, फी भरली, गॅदरिंग जवळ आलं. पण माझं मत स्पष्ट आहे : सुरुवातीची ती दहा मिनिटं वाया जात नाहीत. गाणं तिथूनच सुरू होतं.

आधी वाद्य समजून घेऊ. बेसला साधारण चार तारा असतात : ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच हे सूर, पण एक सप्तक खाली. तारा जाड, मान लांब, पडद्यांमधलं अंतर जास्त. थंड, आखडलेल्या बोटांनी एकदम वेगवान गाणं धरलं की मूल जोर लावतं, मनगट वाकवतं आणि मग हात दुखतो.

आता 'आर्पेजिओ' म्हणजे काय? कॉर्डचे सूर एकदम न वाजवता एकामागून एक वाजवणे. आपल्या भाषेत सा-ग-प-सां. यात परकं काही नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेच्या परीक्षा आपल्याकडची मुलं आजही देतात, आणि त्यांची सुरुवात अलंकारांनीच होते. पेटीवर अलंकार चालतात, तर बेसवर का नाही?

करायचं कसं? पहिले तारा सुरात लावा. मग सगळ्यात जाड तारेवर आठव्या पडद्यावर मधलं बोट ठेवा, हा सा. पुढच्या तारेवर सातव्या पडद्यावर तर्जनी, हा ग. त्याच तारेवर दहाव्या पडद्यावर करंगळी, हा प. त्याच्या पुढच्या तारेवर दहाव्यावर पुन्हा करंगळी, हा वरचा सा. तसंच उलट खाली या. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवा. मेट्रोनोम ६० वर ठेवा, एका ठोक्याला एक सूर. सुरुवात वरच्या पडद्यांपासून करायची, कारण तिथे अंतर कमी असतं आणि लहान हाताला ताण पडत नाही. बेसच्या तारा सारख्या अंतराने लावलेल्या असतात, त्यामुळे हाच आकार एकेक पडदा खाली सरकवला की नवा सा मिळतो. ग कोमल केला की मायनर. दुखलं की थांबायचं, हा नियम पक्का.

आता मुख्य गोष्ट. गाण्यात बेसवाला काय वाजवतो? बहुतेक वेळा कॉर्डचा सा, त्याचा प, मधे कुठे ग. म्हणजे व्यायामातले सूरच तालात बसवून तो गाणं उचलून धरतो. ज्याला तुम्ही टुंग टुंग म्हणता, तोच गाण्याचा पाया आहे.

काही शिक्षक म्हणतात, गाणंच हळू वाजवलं तरी बोटं मोकळी होतात. खरं आहे. पण गाण्यात मूल पुढच्या ओळीमागे धावतं. आर्पेजिओत त्याला स्वतःचा सूर ऐकायला सवड मिळते.

माझी चूकही सांगतो. सुरुवातीला मी मुलांकडून अर्धा-अर्धा तास नुसते व्यायाम करवून घ्यायचो. एक चांगला पोरगा कंटाळला आणि येणंच बंद केलं. दोष त्याचा नव्हता. व्यायामाचा गाण्याशी काय संबंध, हे मी त्याला दाखवलंच नाही. आता दहा मिनिटांवर जात नाही, आणि शेवटची दोन मिनिटं गॅदरिंगच्या गाण्यातलेच कॉर्ड घेतो. मुलं स्वतःच म्हणतात, "सर, हे तर आपलंच गाणं हाय!"

म्हणून शिक्षकांनो, व्यायाम छोटा ठेवा आणि गाण्याला जोडा. पालकहो, आज संध्याकाळी टीव्ही बंद करून मुलाजवळ दहा मिनिटं बसा. "गाणं कधी?" असं विचारू नका. "यातला सा कोणता?" असं विचारा. तो दाखवेल, आणि दाखवताना त्याचा चेहरा पाहा.